पहिलं फाउंडेशन घेताना: कुणाला विचारायचं, काय सांगायचं आणि शेड कशी ठरवायची

कॉस्मेटिक्सच्या दुकानात जाऊन ‘फाउंडेशन दाखवा’ म्हटलं की काउंटरमागची मुलगी आधी विचारते, ‘मॅडम, बजेट काय आहे?’ तुम्ही काहीतरी आकडा सांगेपर्यंत तुमच्या मनगटावर तीन पट्टे ओढून झालेले असतात. ‘हा बघा, एकदम परफेक्ट जातोय तुम्हाला.’ वर पांढरेशुभ्र दिवे, समोर दिव्यांच्या चौकटीचा आरसा, मागे दुसरं गिऱ्हाईक खोळंबलेलं. पाच मिनिटांत बाटली पिशवीत. घरी खिडकीजवळ लावून बघितलं की चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्याच.

यात त्या मुलीचा फार दोष नाही. तुमच्या त्वचेबद्दल तुम्ही तिला काही सांगितलं नव्हतं आणि दुकानातल्या उजेडात तुम्हाला जे दिसत होतं तेच तिलाही दिसत होतं. पहिल्यांदा सामान घेताना मदत लागतेच. पण ती नीट मिळावी म्हणून घरून थोडी तयारी करून जावं लागतं, आणि शेडचा निकाल दुकानाबाहेर लावावा लागतो. पुढे सगळं त्याच क्रमाने सांगते.

घरी ठरवायच्या गोष्टी

पहिला प्रश्न: फाउंडेशन हवंय कशाला? चुलतभावाच्या लग्नात एक दिवस नटायचं असेल तर बाटली घेऊच नका, पार्लरमध्ये पैसे द्या आणि मोकळ्या व्हा. उघडलेली बाटली वर्षभरात संपवायची असते. एका लग्नासाठी आणलेली पुढच्या लग्नापर्यंत ड्रॉवरमध्ये पडून खराब होते. रोज कॉलेजला किंवा ऑफिसला जाताना चेहरा जरा एकसारखा दिसावा एवढंच हवं असेल, तर बऱ्याच जणींना फाउंडेशनची गरजच नसते. डाग आहेत तिथे कन्सीलर (डाग झाकणारं घट्ट क्रीम) आणि वरून कॉम्पॅक्ट (डबीतली दाबलेली पावडर), एवढ्यात भागतं. हे दुकानात कुणी सांगणार नाही, म्हणून इथे सांगितलं.

दुसरं, झाकायचंय काय? गालावरचा वांग, मुरमांचे जुने डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठांभोवतीचा काळेपणा, नाकाच्या बाजूची लाली, यातलं नेमकं काय खुपतं ते आरशात बघून ठरवा. वर्तुळांवर फाउंडेशनचा उपयोग जवळपास शून्य असतो, त्याला वेगळी वस्तू लागते. वांग गडद असेल तर पातळ स्किन टिंट (अगदी हलका रंग देणारं फाउंडेशन) त्याला पुरणार नाही.

तिसरं, त्वचेचा प्रकार. साध्या फेसवॉशने तोंड धुवा, टिपून कोरडं करा आणि तासभर काहीही लावू नका. मग बघा. कपाळ, नाक, गाल सगळंच चकाकत असेल तर तेलकट. गाल ओढल्यासारखे वाटत असतील, नाकाशी पापुद्रे दिसत असतील तर कोरडी. कपाळ-नाक तेलकट आणि गाल बरे असतील तर मिश्र. बहुतेक जणी याच गटात येतात. यात तुमचं गावही धरा. मुंबईत, कोकणात, गोव्यात दमट हवेमुळे लोकलच्या दोन स्टेशनांत चेहरा चिकट होतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की मॅट (चमक नसलेलं) फाउंडेशन दुपारपर्यंत ओठांच्या कडेला भेगाळतं. दादरच्या मैत्रिणीला छान जमलेलं फाउंडेशन नागपूरच्या तुम्हाला जमेलच असं नाही.

चौथं म्हणजे पैसे. दोन हजार खर्च करायचे ठरवले असतील तर त्यातले निम्मे चेहऱ्याच्या रंगावर, म्हणजे फाउंडेशन किंवा कन्सीलरवर जाऊ द्या. काजळ, लिपस्टिक, कॉम्पॅक्ट यांत स्वस्त वस्तूही उत्तम मिळतात.

अंडरटोन, थोडक्यात

शेडमध्ये दोन गोष्टी असतात. एक, रंग किती उजळ किंवा गडद. दोन, त्यातली झाक, म्हणजेच अंडरटोन, कोणती: पिवळसर, गुलाबीसर, दोन्हींच्या मधली, की हिरवट. दुकानात यांनाच वॉर्म, कूल, न्यूट्रल आणि ऑलिव्ह म्हणतात. ‘मी गव्हाळ आहे’ किंवा ‘मी सावळी आहे’ हे सांगितल्याने पहिली गोष्ट कळते, दुसरी कळत नाही. आणि घोळ बहुतेक वेळा दुसरीतच होतो. चेहरा राखाडी दिसला, नारिंगी दिसला, किंवा गुलाबी पावडर लावलेल्या बाहुलीसारखा दिसला, तर गडदपणा बरोबर असूनही झाक चुकलेली असते.

मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ही परीक्षा सगळीकडे सांगतात. गोऱ्या त्वचेवर ती थोडीफार चालत असेल, सावळ्या त्वचेवर शिरा धड दिसतच नाहीत. सोनं शोभतं की चांदी हीदेखील तशीच. आपल्याकडे लहानपणापासून सोनं शोभतं असंच सांगितलेलं असतं, त्यावरून काय ठरवणार? त्यापेक्षा दिवसा खिडकीशी बसून चेहऱ्याजवळ पांढरा कोरा कागद धरा. कागदाच्या शेजारी त्वचा पिवळट दिसते की तांबूस, की थोडी हिरवट-राखी, हे डोळे जरा स्थिरावले की दिसू लागतं. नाही कळलं तरी अडत नाही. दुकानात एकाच गडदपणाच्या दोन वेगळ्या झाका शेजारी शेजारी लावून बघितल्या की उत्तर मिळतंच.

‘भारतीय त्वचा म्हणजे वॉर्म’ हे गृहीत धरून दुकानदार सरसकट पिवळ्या शेड काढतात. पुष्कळ जणींना त्या जातातही. पण आपल्यात न्यूट्रल आणि ऑलिव्ह झाका भरपूर आहेत आणि त्यांना भडक पिवळी शेड कावीळ झाल्यासारखी दिसते. लावलेली प्रत्येक शेड कधी फार पिवळी, कधी फार गुलाबी वाटत असेल तर न्यूट्रल किंवा ऑलिव्ह मागा.

मदत कुणाची घ्यायची

आईला विचारून फारसं हाती लागत नाही, कारण तिच्या तरुणपणी निवडीला वावच नव्हता. लॅक्मे ही टाटांनी १९५२ साली सुरू केलेली कंपनी. कित्येक वर्षं मध्यमवर्गीय घरातला मेकअप म्हणजे तिचा एखादा कॉम्पॅक्ट, काजळ आणि लग्नात घेतलेली मरून लिपस्टिक. शेडही दोन-तीन, त्याही उजळ. परदेशातसुद्धा गडद त्वचेच्या शेड हा दुर्लक्षित विषय होता. २०१७ साली गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या कंपनीने एकदम ४० शेड बाजारात आणल्या आणि मग बाकीच्या कंपन्यांनाही हात-पाय हलवावे लागले. आज सावळ्या मुलीला निवड आहे ती अशी अलीकडची.

एकाच कंपनीच्या काउंटरवरची ब्यूटी ॲडव्हायझर स्वतःच्या मालाबद्दल पक्की असते. कुठली शेड किती तासांनी काळवंडते हे तिला पाठ असतं. पण ती तुम्हाला शेजारच्या काउंटरवर पाठवणार नाही. तिच्याकडे तुमची शेड नसेल तर जवळची म्हणून दुसरी देईल, कारण तिला महिन्याचं टार्गेट असतं. पहिल्या खेपेला म्हणून अनेक ब्रँड एकत्र असलेलं दुकान बरं: नायका, सेफोरा, शॉपर्स स्टॉपचा ब्यूटी विभाग. तिथे टेस्टर (लावून बघायच्या बाटल्या) उघडे असतात आणि तीन कंपन्यांच्या शेड एकाच चेहऱ्यावर लावून बघता येतात. शक्यतो मंगळवार-बुधवारी दुपारी जा. रविवारी संध्याकाळी कुणालाही तुमच्यासाठी पाच मिनिटं नसतात.

पुण्यात तुळशीबाग, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट इथे सामान स्वस्त मिळतं आणि क्लिपा, ब्रश, स्पंज, नेलपॉलिश घ्यायला मीही तिथेच जाते. पहिलं फाउंडेशन मात्र तिथून नको. टेस्टर मिळेलच असं नाही, गर्दीत उजेड धड नसतो आणि नकली मालाची शक्यता अधिक. शेड एकदा पक्की झाली की ओळखीच्या दुकानातून खुशाल घ्या.

नेहमीच्या पार्लरवाल्या ताईंना विचारणं हा उत्तम आणि कमी वापरला जाणारा मार्ग आहे. त्यांनी तुमचा चेहरा महिनोन्‌महिने जवळून बघितलेला असतो. ‘ताई, मला कुठली झाक जाते?’ एवढंच विचारा. ब्रँड त्या सांगतील तो त्यांच्याकडे विकायला ठेवलेला असू शकतो, तेवढं लक्षात ठेवा.

मैत्रिणींना किंवा ऑनलाइन कुणाला फोटो पाठवून विचारणार असाल तर फोटोच नीट काढा. चेहरा धुतलेला, केस मागे, मान आणि गळ्याचा भाग फोटोत, उजेड खिडकीचा पण थेट ऊन नाही, फोनमधला ब्यूटी मोड बंद, आणि हनुवटीखाली पांढरा कागद. कागद पांढरा दिसत नसेल तर फोनने रंग बदललेत, तो फोटो टाकून द्या. ॲपवरचे शेड फाइंडर याच कारणाने दगा देतात. त्यांना तुमचा चेहरा फोनच्या नजरेतून दिसतो. त्यांचं उत्तर अंदाज म्हणून घ्या, म्हणजे दुकानात वीसऐवजी चार बाटल्या बघाव्या लागतील.

आणि समोर कुणीही असो, सुरुवात अशी करा: ‘माझी त्वचा मिश्र आहे, नाक-कपाळ तेलकट होतं. रोज ऑफिसला लावायचंय, सहा-सात तास टिकावं. हलकं कव्हरेज हवं, म्हणजे जाड थर नको, गालावर थोडा वांग आहे. इतक्या-इतक्यात बसवायचंय. आज फक्त शेड लावून बघणार आहे, घेणार नंतर.’ शेवटचं वाक्य आधीच सांगून टाकलं की दोघींवरचं ओझं उतरतं. चांगली ॲडव्हायझर असेल तर ती यावर दोन प्रश्न आणखी विचारते: सनस्क्रीन कुठलं लावता, आणि कशाची ॲलर्जी आहे का? न विचारता सगळ्यात महाग बाटली पुढे करणारीला ‘बघते आणि सांगते’ म्हणून बाहेर पडायला हरकत नाही.

शेड लावून बघण्याचा दिवस

इथे घाई करू नका, सगळं यावरच आहे.

दिवस नेहमीचा निवडा. आदल्या दिवशी ब्लीच किंवा फेशियल केलेलं नको, त्याच सकाळी थ्रेडिंग नको, अलिबागहून भाजून आलेला रविवार नको. घरात लग्न असेल तर हळदीनंतरचे दोन-तीन दिवसही टाळा. हळदीचा पिवळेपणा धुऊनही मागे राहतो आणि मग झाक चुकते. जाताना तोंड धुऊन, नेहमीचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावून जा. फाउंडेशन पुढे त्यांच्यावरच बसणार आहे.

शेड मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर लावू देऊ नका. हात आणि चेहरा यांचा रंग वेगळा असतो, स्कूटर चालवणाऱ्यांचा तर फारच. गालाच्या खालच्या भागापासून जबड्याची कड ओलांडून मानेवर उतरणारा बोटभर पट्टा हवा. तीन शेड शेजारी शेजारी: एक अंदाजाची, एक तिच्याहून गडद, एक त्याच गडदपणाची पण वेगळ्या झाकेची. टेस्टरची नळी थेट चेहऱ्याला लावू नका, कापसाच्या काडीवर घेऊन लावा. लिपस्टिक आणि काजळाचे टेस्टर तर ओठाला-डोळ्याला अजिबात नाही; ते हातावरच बघायचे. दहा जणींनी डोळ्यात घातलेलं काजळ अकरावीने घालणं फार महागात पडू शकतं.

दोन मिनिटांनी पट्टे वाळले की दुकानाच्या दाराबाहेर या. मॉल असेल तर थेट रस्त्यापर्यंत. जो पट्टा शोधावा लागतो तो तुमचा. जो चटकन दिसतो तो पुसून टाका. उरलेले एक-दोन तसेच ठेवून निघून जा. जेवा, दुसरी खरेदी करा, घरी जा.

थांबायचं का, ते सांगते. जवळजवळ सगळ्या फाउंडेशनचे रंग पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळा, लाल, काळा आयर्न ऑक्साइड यांच्या मिश्रणातून येतात. लावल्यावर त्यातला उडून जाणारा भाग उडतो, त्वचेचं तेल आणि घाम त्यात मिसळतो आणि रंग गडद, बहुधा नारिंगीकडे झुकलेला दिसू लागतो. याला फाउंडेशन ऑक्सिडाइझ होणं म्हणतात. तेलकट चेहऱ्यावर हे जास्त होतं. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत बराच बदल दिसतो, उरलेला दोन-तीन तासांत.

माझ्या मावसबहिणीच्या वेळी हे इतकं स्वच्छ दिसलं की तिथल्या तिथे फोटो काढून ठेवला. दुकानात तिच्या उजव्या जबड्यावर दोन पट्टे होते आणि दोन्ही सारखेच बरोबर वाटत होते. कानाकडचा जरा जास्तच छान, म्हणून ती तोच घ्यायला निघाली होती. ओढून बाहेर काढली. रसवंतीवर रस पिऊन रिक्षा स्टँडवर उभ्या राहिलो तोवर कानाकडचा पट्टा कौलासारखा लालसर झाला होता, कड रेखीव उठून दिसत होती. हनुवटीकडचा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बोट फिरवून सांगावं लागत होतं. दुकानात तोच तिला ‘थोडा फिका’ वाटला होता.

या दोन-तीन तासांत रंगाखेरीज आणखी काही बघा. खाज सुटते का? बारीक पुरळ उठतं का? पट्टा भेगाळला का, रंध्रांत साचला का? फ्लॅश लावून एक सेल्फी काढा. सनस्क्रीन घटक किंवा सिलिका जास्त असलेल्या वस्तू फ्लॅशमध्ये पांढऱ्या चमकतात. आरशात सुंदर दिसणारी वधू फोटोत पिठात बुडवल्यासारखी येते ती यामुळेच.

चेहऱ्याचा रंग एकसारखा नसेल तर? कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गडद, गाल उजळ, मान तिसरीच, हे आपल्याकडे अगदी सर्रास आहे. शेड मानेशी आणि गळ्याशी जुळवा, कारण ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या गळ्यात चेहऱ्याशेजारी तेच दिसतं. मान चेहऱ्याहून बरीच काळी असेल तर दोन्हींच्या मधली घ्या आणि जबड्याखाली उतरवून विरवा.

आणि आता ते वाक्य, जे तुम्हाला ऐकावं लागणारच: ‘एक शेड उजळ घ्या ना, फोटोत छान दिसतं.’ घेऊ नका. उजळ शेडमध्ये पांढऱ्याचं प्रमाण जास्त असतं आणि सावळ्या त्वचेवर तो पांढरा राखेसारखा दिसतो. त्वचा गोरी दिसत नाही, आजारी दिसते. सल्ला देणारी काकू, नणंद किंवा दुकानदार कितीही मायेने बोलत असो, इथे बधायचं नाही.

बाटलीवर काय लिहिलंय

शेडच्या नावांवर विश्वास टाकू नका. एका कंपनीचं ‘हनी’ दुसरीच्या ‘बेज’हून गडद असतं. अक्षरं जास्त कामाची: डब्ल्यू म्हणजे वॉर्म, सी म्हणजे कूल, एन म्हणजे न्यूट्रल. मॅक हा ब्रँड मात्र याला अपवाद आहे. तिथे एनसी हा गट सोनेरी-पिवळसर झाकेसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीसर झाकेसाठी, म्हणजे वाटतं त्याच्या उलट. एनसी ४२ ही भारतात वारंवार ऐकू येणारी शेड त्यातलीच. मेबेलिनच्या ‘फिट मी’ या फाउंडेशनमध्ये १२८ वॉर्म न्यूड, २३० नॅचरल बफ, ३१० सन बेज, ३३० टॉफी असे आकडे आहेत; आकडा वाढतो तशी शेड गडद होते. कुठल्याही ब्रँडमधली तुम्हाला जमलेली एक शेड माहीत असली की तिच्यावरून दुसऱ्या ब्रँडची जवळची शेड काढता येते, म्हणून जमलेला आकडा फोनमध्ये लिहून ठेवा.

प्रकार निवडणं त्या मानाने सोपं. तेलकट त्वचेला मॅट किंवा नॅचरल फिनिश, कोरडीला ड्युई (ओलसर चमक देणारं). नवशिक्यांनी पातळ द्रव फाउंडेशन किंवा स्किन टिंट घ्यावं, चुकलं तरी सावरता येतं. बीबी क्रीम हलकं आणि सोयीचं, पण शेड फार थोड्या. स्टिक आणि फुल कव्हरेज हात बसल्यावर. मुरमं येत असतील तर नॉन-कॉमेडोजेनिक (रंध्रं न बुजवणारं) लिहिलेलं बघा. ती हमी नसते, पण सुरुवात म्हणून ठीक. शक्य असेल तिथे छोटी ट्यूब घ्या.

‘यात एसपीएफ आहे, सनस्क्रीनची गरज नाही’ हे मात्र खोटं आश्वासन. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजतात. इतकं फाउंडेशन कुणी लावत नाही, लावलं तर मुखवटा होईल. दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला आधी वेगळं लावायचंच.

बाकीचं सामान

कन्सीलर फाउंडेशनच्याच शेडचा घ्या, उजळ नको. काळी वर्तुळं निळसर-तपकिरी असतील तर त्यांच्यावर थेट कन्सीलर लावला की ती राखी दिसतात. त्याखाली नारिंगी किंवा पीच रंगाच्या करेक्टरचा मुगाएवढा ठिपका लागतो. नारिंगी निळ्याला मारतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. ओठांभोवतीच्या काळेपणालाही तोच चालतो.

कॉम्पॅक्ट एक, स्वतःच्या शेडचा. काजळ एक, न पसरणारं. मस्कारा हवा असेल तर घ्या, पण उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत टाकावा लागतो. भुवया विरळ असतील तर पेन्सिल काळी नको, गडद तपकिरी. लिपस्टिक दोन: एक रोजची, ओठांच्या रंगाहून एक छटा गडद, एक सणासुदीची लाल किंवा मरून. रोजच्या लिपस्टिकचा ठिपका गालांवर चोळला की ब्लशही झालं. एक स्पंज.

प्राइमर, कॉन्टूर, हायलायटर, सेटिंग स्प्रे आणि चाळीस रंगांचं आयशॅडो पॅलेट यातलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही. पॅलेटमधले चार रंग वापरले जातात, बाकीचे छत्तीस भाचीच्या स्नेहसंमेलनाला कामी येतात.

खरं की नकली, ताजं की शिळं

पैसे देण्याआधी खोकं फिरवून वाचा. भारतातल्या कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे बॅच नंबर, उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेला असावा लागतो. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. हे नसलेली ‘फर्स्ट कॉपी’ निम्म्या किमतीतही महाग. उघड्या डबीच्या चित्रावर १२एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर बारा महिने. बाटलीच्या तळाशी उघडल्याची तारीख पेनाने लिहून टाका. वास बदलला किंवा हलवूनही तेल वेगळंच राहिलं तर महिने मोजत बसू नका, फेका.

याच काउंटरवर ‘फाउंडेशनच लागणार नाही’ म्हणत गोरं करणारी, नाव-पत्ता नसलेली डबी पुढे केली जाते. तिला हातही लावू नका. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. २०२३ साली अकोल्यातल्या एकाच घरातल्या मायलेकींना असलं क्रीम लावून मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी आली होती.

नवीन वस्तू कुठलीही असो, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक-दोन दिवस थांबा. कार्यक्रमाच्या सकाळी पहिल्यांदा उघडू नका.

लावायचं कसं

तोंड धुवा, मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. दहा मिनिटं थांबा, तोवर केस विंचरा किंवा डबा भरा. हे थांबणं टाळलं तर फाउंडेशन खोडरबराच्या चुऱ्यासारखं वळ्या होऊन निघतं. सनस्क्रीन पाण्याचं आणि फाउंडेशन सिलिकोनचं असेल तरी कधी कधी असंच होतं; घटकांच्या यादीत सुरुवातीलाच डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन दिसलं तर ते सिलिकोनचं समजा. अशा वेळी दोन्हींपैकी एक बदलावं लागतं.

फाउंडेशन अर्धा पंप, हातावर. स्पंज पाण्यात भिजवून घट्ट पिळा, तो ओलसर हवा, थेंब पडता कामा नये. नाकाच्या दोन्ही बाजू, हनुवटी आणि कपाळाचा मध्य इथून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने टिपत जा. घासू नका, टिपा. कानशिलं, केसांची कड आणि जबड्याखालच्या भागाला स्पंजवर उरलंय तेवढंच पुरे. अंबाडा घालणार असाल तर कानांवरूनही एकदा फिरवा, नाहीतर फोटोत कान वेगळे दिसतात. मग कन्सीलर, फक्त अजून दिसतंय त्या डागांवर, अनामिकेने टिपून. आधी कन्सीलर लावला तर दुप्पट लागतो.

कॉम्पॅक्ट फक्त कपाळ, नाक, हनुवटी आणि डोळ्यांखाली हलका. पूर्ण चेहऱ्यावर थापला की दुपारी थर चढलेला दिसतो. दिवसभरात चेहरा चमकायला लागला की आधी टिश्यूने तेल टिपून घ्या, मग हवा तर कॉम्पॅक्ट. तेलावर पावडर म्हणजे पीठ मळणं. काजळ, भुवया, गाल, ओठ सगळ्यात शेवटी. सुरुवातीला अर्धा तास जाईल, महिन्याभरात दहा मिनिटांवर येतो.

रात्री कितीही उशीर झाला तरी काढूनच झोपा. मायसेलर वॉटर किंवा क्लेन्झिंग बामने आधी पुसा, मग फेसवॉश. घरातलं खोबरेल तेल काजळ काढायला झकास, पण मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर ते फासू नका, रंध्रं बुजतात. स्पंज दर दोन-तीन वापरांनंतर साबणाने धुऊन हवेशीर जागी वाळवा, ओला असताना डबीत बंद केलात तर आत बुरशी धरते. आतून काळे ठिपके दिसले की नवा घ्या.

मे महिन्यात घेतलेली शेड डिसेंबरात गडद वाटली तर बाटलीत बिघाड नाही, तुमचं उन्हातलं काळवंडणं उतरलेलं असतं. पूर्ण नवी बाटली घेण्याआधी त्याच ब्रँडची एक शेड उजळ छोटी ट्यूब आणा आणि दोन्ही हातावर मिसळून लावा. उन्हाळा आला की मिश्रणात गडद शेड वाढवत न्यायची.